कर्ज वजा केलेली नायिका

१८६७ च्या जानेवारी महिन्यात, चांदीच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी या गावात, ज्युलिया ब्युलेट नावाची बाई आपल्या भाड्याच्या घरात मरून पडलेली सापडली. घर म्हणजे डी स्ट्रीटवरच्या लहानशा दोन खोल्या. कुणीतरी गळा आवळून तिला मारलं होतं. दागिने आणि उंची कपडे नाहीसे झाले होते. शेजारी राहणारी, तिच्याच धंद्यातली मैत्रीण तिला जेवायला बोलवायला आली, तेव्हा खून उघडकीला आला. गावच्या आगीच्या बंबाच्या पथकाने ज्युलियाला मानाचं सभासदत्व दिलं होतं. त्या पथकाच्या माणसांनी तिची अंत्ययात्रा काढली. पुढे जॉन मिलेन नावाच्या माणसाकडे चोरीचा माल मिळाला, खटला चालला आणि २४ एप्रिल १८६८ ला त्याला हजारोंच्या देखत फाशी झाली. त्या गर्दीत मार्क ट्वेनही होता आणि त्याने वर्तमानपत्राला त्याची बातमी लिहून पाठवली. ज्युलियाच्या मागे राहिलेल्या सामानाची यादी झाली, लिलाव झाला, आणि आलेल्या पैशांतून तिची देणीसुद्धा पुरती फिटली नाहीत.

हा लिलाव लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे ज्युलियाची जी गोष्ट झाली तिच्यात तो कुठेच नाही. जॉर्ज लायमन यांनी १९३४ मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या कॉमस्टॉक खाणींवर एक लोकप्रिय पुस्तक लिहिलं. ल्यूशियस बीब आणि चार्ल्स क्लेग यांनी १९५० मध्ये त्याच भागातल्या दंतकथा एकत्र केल्या. अशा पुस्तकांतून आणि पर्यटकांना गाव दाखवणाऱ्यांच्या तोंडून ज्युलिया वाढत गेली. दोन खोल्यांचा महाल झाला. तिच्या एका रात्रीची किंमत हजार डॉलरवर गेली. दाराशी स्वतःची घोडागाडी आली, टेबलावर फ्रेंच वाइन आली, आणि साथीच्या दिवसांत खाणकामगारांची शुश्रूषा करणारे तिचे हातही त्यात आले. १९५९ मध्ये ‘बोनान्झा’ या दूरचित्रवाणी मालिकेने तिच्या नावाचा एक भागच केला. माझं म्हणणं या एका उदाहरणातून सुरू होतं आणि पुढच्या सगळ्या उदाहरणांना लागू पडतं. अमेरिकी रोमान्स कादंबरीने पश्चिमेच्या सरहद्दीवरच्या सलूनमधली बाई आणि कुंटणखान्याची मालकीण उचलली, तेव्हा त्यांचे रेशमी कपडे घेतले, धीटपणा घेतला, जिभेची धार घेतली, गल्ल्यावरचा हातही घेतला. मागे ठेवलं ते कर्ज. आणि या बायकांचं आयुष्य ज्या एका गोष्टीने बांधलेलं होतं, ती नेमकी कर्ज हीच होती.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. सलून म्हटलं की मराठी वाचकासमोर केस कापायचं दुकान येतं. इथे सलून म्हणजे दारूचा गुत्ता, जिथे जुगार चाले आणि बऱ्याचदा नाचही. ‘मॅडम’ हा शब्द आपल्याकडे शाळेतल्या बाईंना आणि कचेरीतल्या साहेबिणीला लागला आहे, म्हणून मी इथे सरळ मालकीण म्हणतो. जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांमुळे अमेरिकेची सरहद्द आपल्या वाचकाला अनोळखी नाही, पण ती सरहद्द जंगलातली, बायकामुलांसह झाडं तोडून शेत उभं करणाऱ्यांची. खाणींची सरहद्द वेगळी होती. तिथे सोन्याची बातमी फुटली की पुरुषांचे लोंढे येत, आणि कुटुंबं आली तर कितीतरी मागाहून. १८५० च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियात बायकांचं प्रमाण शेकडा दहासुद्धा नव्हतं. अशा गावात बाईला रोजगार मिळे तो धुणं धुण्याचा, खानावळीत रांधण्याचा, नाहीतर रात्रीच्या या धंद्यातला. या धंद्यातही पायऱ्या होत्या. सगळ्यांत वर पियानो, आरसे आणि गालिचे असलेली मोठी घरं, जिथे मालकीण दारात उभी राहून कोणाला आत घ्यायचं ते ठरवी. मधे साधी घरं. सगळ्यांत खाली रस्त्याकडेच्या कोठड्या: एक दार, एक खिडकी, एक खाट, आणि रोजच्या रोज द्यायचं भाडं. सलूनमध्ये नाचणारी आणि दारू प्यायला लावणारी बाई या उतरंडीत असेलच असं नाही. पुष्कळ जणी फक्त नाचत आणि त्याचे पैसे घेत. कादंबरीने मात्र या साऱ्यांची मिळून एकच बाई केली, आणि तिला सगळ्यांत वरच्या पायरीवरचे कपडे चढवले.

त्या नाचणाऱ्या बाईचा व्यवहार जवळून पाहिला की पैशाचा प्रश्न चटकन समजतो. गिऱ्हाईक एका नाचाचे पैसे देई. त्यातला अर्धा किंवा ठरलेला वाटा तिचा, उरलेला मालकाचा. नाच मुद्दामच आखूड ठेवत, कारण नाच संपला की जोडप्याने बारपाशी जायचं ही रीत होती. तिथे तो स्वतःसाठी व्हिस्की घेई आणि तिच्यासाठीही. तिच्या पेल्यात बहुतेक वेळा थंड चहा किंवा रंगीत पाणी असे. दाम मात्र व्हिस्कीचा लागे. बारवाला तिच्या हातात एक बिल्ला टेकवे. तो तिने जपून ठेवायचा, मग दुसरा नाच, दुसरा पेला, दुसरा बिल्ला. पहाटे दुकान मिटताना बिल्ले मोजून तिचा वाटा मिळे. त्यातून खोलीचं भाडं, जेवण, नाचाचा झगा आणि बूट. झग्याचे पैसे मालकाने आधी दिलेले असले तर ते प्रथम वळते होत. म्हणजे ती किती हसली, किती जणांशी गोड बोलली, याचा हिशेब रोज रात्री तिच्या मुठीत मोजता येत होता. कादंबरीतली नायिका ज्या हसण्याने नायकाला घायाळ करते, त्या हसण्याला त्या खोलीत दर होता, ही गोष्ट कादंबरी लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण नायकाने जिंकलेलं हसू विकतचं निघालं तर गोष्टच उभी राहत नाही, म्हणून त्यांनी बिल्ला काढून टाकला.

हे काम पहिल्यांदा रोमान्सने केलं नाही. त्याआधी पुरुष लेखकांनी दुसऱ्या रीतीने केलं होतं. ब्रेट हार्टने १८६८ मध्ये ‘द लक ऑफ रोअरिंग कॅम्प’ आणि १८६९ मध्ये ‘द आउटकास्ट्स ऑफ पोकर फ्लॅट’ या कथा लिहिल्या. पहिलीत खाणवस्तीतली एकुलती एक बाई बाळंतपणात जाते. दुसरीत गावाने हाकलून लावलेल्या दोघी बर्फात अडकतात. एक जण आपल्या वाट्याचं अन्न एका निरागस मुलीसाठी न खाता साठवते आणि उपाशी मरते. वाईट चालीच्या बाईचं सोनं होतं ते मरताना, हा साचा तेव्हा पडला आणि सत्तर वर्षं टिकला. १९३९ मध्ये एकाच वर्षी दोन चित्रपट आले. ‘डेस्ट्री राइड्स अगेन’मध्ये मार्लीन डीट्रिखने रंगवलेली सलूनमधली गायिका नायकावर झाडलेली गोळी स्वतःवर घेते. ‘स्टेजकोच’मध्ये गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी हुसकून लावलेली डॅलस एका बाळंतिणीचं करते, आणि तिला मरावं न लागता नवरा आणि सीमेपलीकडची शेती मिळते. रोमान्स कादंबरीला जी वाट हवी होती ती या दुसऱ्या चित्रपटात मोकळी झाली. मग १९५५ ते १९७४ अशी एकोणीस वर्षं ‘गनस्मोक’ मालिकेतली मिस किटी घराघरांत दिसत राहिली. ती सलूनची मालकीण होती, स्वतःच्या पैशाची होती, मार्शलवर तिचा जीव होता, आणि वरच्या मजल्यावर काय चालतं हे प्रेक्षकांना कधी सांगितलं गेलं नाही. १९७२ मध्ये कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने ऐतिहासिक रोमान्सची मोठी बाजारपेठ उघडली. गंमत अशी की पश्चिमेशी काही संबंध नसलेल्या त्या कादंबरीचीही सुरुवात नायिकेला चुकून वेश्या समजण्यापासूनच होते. पुढच्या दोन दशकांत बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या या साहित्याने सलून आपलंसं केलं. इथे नायिका मरत नाही. शेवट सुखाचा असणं ही या साहित्यप्रकाराची अटच आहे. मला हा बदल महत्त्वाचा आणि चांगला वाटतो. हार्टने जिला मारून पवित्र केलं तिला जगू देणं, ही त्या बायकांच्या बाजूने झालेली पहिली दुरुस्ती होती.

इथे एक जबरदस्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मालकिणी खरंच श्रीमंत होत्या, मग कादंबरीने त्यांना स्वतंत्र आणि पैसेवाल्या दाखवलं तर बिघडलं कुठे? पुरावा आक्षेपाच्या बाजूचा आहे. मोंटानातल्या हेलेना गावात जोसेफिन एअरी, जिला लोक शिकागो जो म्हणत, १८६७ च्या सुमाराला नाचघर घेऊन आली आणि आगीत जळालेल्या जागा विकत घेत गावातली मोठी जमीनदारीण झाली. नाचघरांवर बंदी घालणाऱ्या कायद्याखाली तिला पकडलं, तेव्हा तिने वकील दिला. बंदी ज्या वाद्याच्या नावाने घातली आहे ते वाद्य आमच्याकडे वाजतच नाही, असा मुद्दा त्याने मांडला आणि ती सुटली. डेन्व्हरमध्ये जेनी रॉजर्सने १८८९ मध्ये मार्केट स्ट्रीटवर आरशांचं घर बांधलं; तिच्या मृत्यूनंतर १९११ मध्ये ते मॅटी सिल्क्सने घेतलं. आपण कधी कुणाच्या हाताखाली हा धंदा केला नाही, पहिल्यापासून मालकीणच होतो, असं मॅटी सांगत असे. इतिहासकार पॉला पेट्रिक यांनी हेलेनाच्या जमिनीच्या आणि गहाणखतांच्या नोंदी तपासून दाखवून दिलं आहे की सुरुवातीच्या वर्षांत या धंद्यातल्या बायका खरोखरच घरं-जागा विकत घेत, गहाण ठेवत, सोडवून आणत. लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची मानण्याची जुनी इंग्रजी रीत जिथे अजून पुरती गेली नव्हती, तिथे स्वतःच्या नावाने दस्त करणारी बाई म्हणजे बहुतेक वेळा विधवा नाहीतर ही. रोमान्स कादंबरीने मालकिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा दिला, तो कल्पनेतून आलेला नाही.

पण त्या नोंदी शेवटपर्यंत वाचल्या की दोन गोष्टी पुढे येतात. पहिली, ही मालकी टिकली नाही. पेट्रिक यांनीच दाखवलं आहे की गाव जसं स्थिरावत गेलं तशा इमारती पुरुषांच्या हातात गेल्या आणि बायका भाडेकरू झाल्या. १८९३ च्या मंदीत शिकागो जोची मिळकत कर्जापायी गेली. १८९९ मध्ये ती वारली तेव्हा पूर्वीचं वैभव उरलं नव्हतं. मॅटी सिल्क्सची कमाई कॉर्ट थॉमसन नावाचा तिचा जोडीदार जुगारात उधळत असे. या मॅटीची सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे १८७७ मध्ये थॉमसनवरून तिने आणि केट फुल्टनने पिस्तुलं घेऊन केलेलं द्वंद्वयुद्ध. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत मात्र दोघींचं द्वंद्व नाही; दारूच्या भरात झालेली हाणामारी आहे आणि नंतर कुणीतरी झाडलेली गोळी थॉमसनच्या मानेला चाटून गेल्याची बातमी आहे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मालकिणीचं स्वातंत्र्य उभं होतं ते दुसऱ्या बायकांच्या देण्यावर. नव्या मुलीला रेशमी झगा, अंतर्वस्त्रं, खोली आणि जेवण उधारीवर मिळे, आणि घराच्या कमाईचा एक भाग त्या उधारीतून येई. झगा महाग, तर देणं मोठं. देणं मोठं, तर मुलगी दार ओलांडून जाणार कशी? गावाने दर महिन्याला लावलेला दंडही तिच्याच कमाईतून पालिकेच्या तिजोरीत जाई. रोमान्स कादंबरीत ही मालकीण नायिकेची मावशी होते, तिला सल्ला देते, लग्नाचा पोशाख शिवून देते. त्या मायाळू बाईच्या हातात उधारीची जी वही असायला हवी होती ती काढून घेतल्याशिवाय तिला मावशी करता येत नव्हतं. एखाद्या मालकिणीने एखाद्या मुलीवर माया केली नसेल असं मी म्हणणार नाही. तिच्या मायेला आणि तिच्या वहीला एकाच खोलीत राहावं लागत होतं, इतकंच.

कर्ज काढून टाकल्यावर जी पोकळी राहिली ती कादंबरीने कशाने भरली, हे पाहण्यासारखं आहे. पश्चिमेत एक गोष्ट गावोगाव सापडते. कोलोरॅडोत बकस्किन जो नावाच्या खाणवस्तीत देवीची साथ आली, भले लोक पळून गेले, आणि चांदीच्या टाचांचे जोडे घालून नाचणारी एक मुलगी रोग्यांची सेवा करत मागे राहिली. शेवटी देवीचे व्रण तिच्याच चेहऱ्यावर उमटले आणि ती तोंड झाकून निघून गेली. तिच्या नावाचा माउंट सिल्व्हरहील्स हा डोंगर आजही नकाशावर आहे, पण ती होऊन गेल्याचा भक्कम कागद नाही. आयडाहोतल्या मरे गावची मॉली, व्हर्जिनिया सिटीची ज्युलिया, डेडवुडची कॅलॅमिटी जेन, सगळ्यांच्या चरित्रात हीच साथ आणि हीच शुश्रूषा येते. यांतली कुणी रोग्याच्या उशाशी बसलीच नसेल असं नव्हे. जिथे आया-बहिणी नव्हत्या तिथे याच बायका होत्या, आणि बसल्याही असतील. पण इतक्या दूरदूरच्या गावांना एकच प्रसंग का आठवावा? मला वाटतं, ही आठवण गावाची सोय होती. गावाने या बाईला नाट्यगृहाच्या पुढच्या दाराने आत येऊ दिलं नव्हतं. मेल्यावर तिला आपली म्हणायची तर तिने गावाचं काहीतरी फेडलेलं असायला हवं. रोमान्स कादंबरीने हा प्रसंग जसाच्या तसा उचलला. पैशाचं कर्ज गेलं आणि त्याच्या जागी नीतीचं कर्ज आलं: नायिकेने आधी कुणाचं बाळंतपण करायचं, कुणाच्या अनाथ मुलाला पोटाशी धरायचं, रक्ताने माखलेल्या नायकाच्या जखमा धुवायच्या, आणि मग लग्नाच्या वेदीपाशी उभं राहायचं. खऱ्या हिशेबात ती देणेकरीण होती ती झग्यांच्या व्यापाऱ्याची आणि घरमालकाची. या दुसऱ्या हिशेबात ती साऱ्या गावाची देणेकरीण होते, आणि हे देणं कुठल्या वहीत लिहिलेलं नसल्यामुळे ते कधी फिटलं हेही गावच ठरवतं.

कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीक गावची मालकीण पर्ल डी व्हेअर हिची दंतकथा तर दोन्ही कर्जं एकत्र सांगते. तिचं ‘ओल्ड होमस्टेड’ हे घर १८९६ च्या आगीनंतर उभं राहिलं आणि आज संग्रहालय म्हणून पाहता येतं. जून १८९७ मध्ये एका थाटाच्या मेजवानीनंतर मॉर्फिन जास्त झाल्याने ती गेली. कथा सांगते की अंत्यविधीला पैसे नव्हते म्हणून तिचा पॅरिसचा झगा विकायचं ठरत होतं, इतक्यात डेन्व्हरहून एक निनावी पाकीट आलं, त्यात हजार डॉलर होते आणि तिला त्याच झग्यात पुरा अशी विनंती होती. ही कथा खरी की खोटी याहून मला तिची रचना बोलकी वाटते. गावातली सगळ्यांत श्रीमंत मालकीण मेली, आणि तिला मातीत ठेवायला एका अनोळखी पुरुषाचं पाकीट लागलं. रोमान्स कादंबरीतला नायक या पाकिटातूनच जन्माला आला असावा. फरक एवढाच की कादंबरीत तो वेळेवर पोचतो.

ज्यांचं कर्ज इतकं उघड होतं की ते वजाच करता येत नाही, त्या बायका या साहित्यात फारशा आल्या नाहीत. सान फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत आणलेल्या मुलींचे करारनामे उपलब्ध आहेत. प्रवासखर्च आणि खरेदीची रक्कम हे मुलीचं कर्ज. ते फेडण्यासाठी साधारण साडेचार वर्षं शरीर द्यायचं, व्याज लागणार नाही पण मजुरीही मिळणार नाही, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त आजारी पडली तर मुदत वाढणार. खाली तिच्या अंगठ्याचा ठसा. १८७५ च्या पेज कायद्याने अशा आयातीवर बंदी घातली, पण तिचा जाच झाला तो बहुतांशी अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या सरसकट चिनी बायकांना. ज्या घरांना गालिचे होते त्यांच्या आठवणी निघाल्या. या करारनाम्यांतल्या मुलींची नावंसुद्धा पुष्कळदा धड लिहिलेली नाहीत. आयडाहोची पॉली बेमिस हा अपवाद. दुष्काळात वडिलांनी विकलेली ही मुलगी १८७२ मध्ये वॉरेन्स या खाणवस्तीत पोचली, १८९४ मध्ये तिने चार्ली बेमिसशी लग्न केलं आणि सॅमन नदीकाठच्या मळ्यावर म्हातारी होऊन १९३३ मध्ये वारली. तिच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे चार्लीने तिला पत्त्यांच्या डावात जिंकलं. संशोधनातून या डावाला आधार मिळालेला नाही. तरी ती टिकली, कारण विकत घेण्यापेक्षा जिंकणं ऐकायला गोड लागतं. रूथअॅन लम मॅकन यांनी १९८१ मध्ये तिच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली आणि नाव दिलं ‘थाउजंड पीसेस ऑफ गोल्ड’. त्या नावातच मोल आहे, आणि त्या कादंबरीतलं प्रेम त्याने कमी झालेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, रोमान्स कादंबरी ही करमणूक आहे. दिवसभर राबलेली बाई तासभर वाचते, तिच्यापुढे गहाणखतं कशाला ठेवायची? जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वाचकांशी सविस्तर बोलून घेतलं होतं. त्या बायकांना वाचन हा घरच्या मागण्यांपासून स्वतःसाठी राखलेला वेळ वाटत होता, आणि नायिकेत त्यांना हुशारी, विनोदबुद्धी आणि स्वतंत्र बाणा हवा होता. या वाचकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. उलट तिच्यामुळेच माझा मुद्दा पक्का होतो. घरखर्च चालवणाऱ्या बाईला हिशेब कळतो. हिशेबाने तिचा रस जातो असं मानणं म्हणजे तिलाच न ओळखणं. फ्रान्सिन रिव्हर्स यांची १९९१ ची ‘रिडीमिंग लव्ह’ ही या प्रकारातली अफाट खपाची कादंबरी. बायबलमधली होशेयाची कथा तिने सोन्याच्या शोधाच्या कॅलिफोर्नियात नेली आहे. तिच्यातली एंजल सज्जन नवऱ्याला सोडून पुन्हा मागे फिरते त्याचं एक कारण मालकिणीकडे अडकलेले तिचे पैसे हे आहे. धर्मबोधाच्या त्या कथेत मला सगळ्यांत खरी वाटते ती हीच जागा: प्रेम पुढ्यात उभं असताना बाई आपलं येणं वसूल करायला निघते. बेव्हर्ली जेन्किन्स यांच्या २०१६ च्या ‘फॉरबिडन’मधली एडी ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण उपाहारगृह काढायला साठवलेले पैसे घेऊन निघते आणि लुबाडली जाते, आणि तिथून ती कथा व्हर्जिनिया सिटीत, ज्युलियाच्याच गावात येते. पैशाने प्रेमकथा कोमेजत नाही याला याहून वेगळा पुरावा नको.

आणखी एक आक्षेप मला स्वतःला जास्त टोचतो. कर्ज, मॉर्फिन, खून असं सारखं मोजत बसलं की या बायका पुन्हा बिचाऱ्या ठरतात. कादंबरीने निदान त्यांना हिंमत तरी दिली. अॅन बटलर यांच्या १९८५ च्या पुस्तकात तुरुंग, हाणामारी आणि दारिद्र्याच्या इतक्या नोंदी आहेत की वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो, आणि मग वाटतं की कादंबरीच बरी. पण देणेकरी माणूस म्हणजे मुकं माणूस नव्हे. ज्या कागदांवर ही कर्जं आहेत त्याच कागदांवर या बायका दावे लावतात, साक्षी देतात, जामीन भरतात, एका गावात उधारी थकली की दुसऱ्या गावात नव्या नावाने दुकान मांडतात. मॅटी ब्लेलॉक आधी बंदूकबाज म्हणून गाजलेल्या वायट अर्पची बाई म्हणून टूमस्टोन गावात राहिली, तो दुसरीकडे वळल्यावर पिनल गावात एकटी राहिली, आणि १८८८ मध्ये अफूचा अर्क घेऊन मेली. तिच्या मृत्यूच्या चौकशीचे कागद आहेत म्हणूनच ती आपल्याला माहीत आहे. जिच्याकडे अर्प वळला त्या जोसेफिनच्या नावावर मात्र १९७६ मध्ये एक अख्खी आठवणींची रसाळ वही छापली गेली, आणि ती वही तिची नव्हेच असं पुढे उघड झालं. या दोघींत हिंमत कुणात जास्त होती हे मला सांगता येणार नाही, पण कुणाच्या बाजूला खरा कागद आहे हे सांगता येतं.

स्वतःच्या हाताने लिहिणारी मालकीण विरळा. डेडवुड आणि आसपासच्या गावांत घरं चालवणाऱ्या डोरा ड्यूफ्रानने १९३२ मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी, टोपणनावाने एक छोटी पुस्तिका छापली. विषय होता तिची जुनी मैत्रीण कॅलॅमिटी जेन, जी १९०३ मध्ये, मरणापूर्वीच्या दिवसांत, डोराच्याच बेल फोर्शच्या घरात रांधत आणि धुणं धूत होती. जेनचं पिणं त्या पुस्तिकेत आहे, तिचा मोकळा हात आहे, आणि देवीच्या रोग्यांची तिने केलेली सेवाही आहे. घर चालवणाऱ्या डोराच्या वह्यांत काय लिहिलं होतं, मुलींचे झगे केवढ्याला पडत, जेनला धुण्याचे किती पैसे मिळत, यातलं तिने काही लिहिलेलं नाही.